वाचकांचे प्रश्न : कारखान्यातले कौशल्य कोण ठरवते आणि कोण तपासते?

तांत्रिक प्रशिक्षण, कारखान्यांत मागितली जाणारी प्रमाणपत्रे आणि उद्योगांची कौशल्य मंडळे यांविषयी आलेल्या पत्रांपैकी काहींना या वेळी उत्तरे देत आहोत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : अभ्यासक्रमात बदल झाला की आम्हाला ‘कौन्सिलने ठरवले’ एवढेच कळवले जाते. ही कौन्सिल म्हणजे सरकारी खाते आहे, की कारखानदारांची संघटना? आणि तिला हा अधिकार कोणी दिला? (एक शिल्प निदेशक)

उत्तर : ती पूर्णपणे सरकारी नसते आणि निव्वळ कारखानदारांची संघटनाही नसते. अशा मंडळांची गरज का पडली हे पाहिले, तर त्यांचे हे मिश्र रूप लक्षात येते. कामगार घडवण्याचा खर्च एक कारखाना करतो आणि तयार झालेला माणूस थोडा जास्त पगार देऊन दुसरा कारखाना उचलतो, ही तक्रार यंत्रउद्योगाइतकीच जुनी आहे. ज्याने शिकवले त्याचे नुकसान आणि ज्याने शिकवले नाही त्याचा फायदा, असे होऊ लागले की हळूहळू सगळेच शिकवणे थांबवतात. ब्रिटनने यावर १९६४ साली औद्योगिक प्रशिक्षण कायदा करून उपाय शोधला. त्या कायद्याखाली स्थापन झालेले अभियांत्रिकी उद्योग प्रशिक्षण मंडळ कारखान्यांकडून त्यांच्या पगारखर्चाच्या प्रमाणात वर्गणी घेई आणि जे कारखाने ठरलेल्या दर्जाचे प्रशिक्षण देत त्यांना त्यातून अनुदान देई. म्हणजे ‘दर्जा’ काय, हे मंडळाला लिहून काढावेच लागले, कारण पैसे त्यावर अवलंबून होते. बहुतेक प्रशिक्षण मंडळे १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला बरखास्त झाली; अभियांत्रिकीचे मंडळ मात्र १९९१पर्यंत टिकले. बांधकाम आणि अभियांत्रिकी बांधकाम या दोन क्षेत्रांत वर्गणी घेणारी मंडळे तेथे आजही आहेत.

भारतात २००८ साली राष्ट्रीय कौशल्य विकास महामंडळ सरकार आणि उद्योग यांच्या भागीदारीत उभे राहिले आणि त्याच्या पुढाकाराने क्षेत्रवार सेक्टर स्किल कौन्सिल निर्माण झाल्या. वाहन उद्योग, भांडवली यंत्रसामग्री, लोह व पोलाद अशा क्षेत्रांच्या कौन्सिल आपल्या परिचयाच्या असतील. या कौन्सिल मानके लिहितात आणि प्रमाणपत्रे देतात. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांना मान्यता देण्याचे आणि त्यांच्यावर नियमन ठेवण्याचे काम २०१८ साली अधिसूचित झालेली राष्ट्रीय व्यावसायिक शिक्षण व प्रशिक्षण परिषद, म्हणजे एनसीव्हीईटी, करते. जुनी एनसीव्हीटी, म्हणजे व्यवसाय प्रशिक्षणाची आधीची राष्ट्रीय परिषद, तिच्यातच विलीन झाली.

आपल्या बाबतीत व्यावहारिक मुद्दा असा की आयटीआयमधील फिटर, टर्नर, मशिनिस्ट अशा ट्रेडचा अभ्यासक्रम कोणतीही सेक्टर स्किल कौन्सिल ठरवत नाही. तो केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाकडून येतो. कौन्सिलचा संबंध मुख्यतः अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमांशी असतो. त्यामुळे यापुढे ‘कौन्सिलने ठरवले’ असे कळले, तर कोणत्या कौन्सिलने, कोणत्या पात्रतेसाठी आणि दस्तऐवजाच्या कोणत्या आवृत्तीत, हे तीन तपशील लेखी मागावेत. ते देणे पत्र पाठवणाऱ्याचे कर्तव्य आहे.

प्रश्न : अभ्यासक्रम आणि मानक यांत नेमका फरक काय? दोन्हींत विषयांची यादीच असते. (तंत्रशाळेतील एक शिक्षिका)

उत्तर : अभ्यासक्रम काय शिकवायचे ते सांगतो, मानकाने शिकून झालेल्या माणसाला कामावर काय करता आले पाहिजे आणि ते येते हे कशावरून ओळखायचे, ते सांगायचे असते. तुम्ही पाहिलेल्या मानकात विषयांची यादीच असेल, तर ते मानक नीट लिहिलेले नाही. चांगल्या मानकात प्रत्येक कामाचा एक घटक असतो. त्यात कामाच्या पायऱ्या, प्रत्येक पायरीचे निकष, काम कोणत्या यंत्रावर व कोणत्या धातूत करायचे याची व्याप्ती, लागणारे ज्ञान आणि कोणता पुरावा ग्राह्य धरायचा, हे सर्व येते. ऑस्ट्रेलियाची ट्रेनिंग पॅकेजेस आणि आपल्याकडील नॅशनल ऑक्युपेशनल स्टँडर्ड, म्हणजे एनओएस, यांची बांधणी साधारण अशीच आहे.

एक काम जवळून पाहू. २५ मिलिमीटर व्यासाचा शाफ्ट लेथवर काढायचा आहे आणि ड्रॉइंगवर व्यासाला लहान ‘एच’ सात हा टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, दिला आहे. याचा अर्थ जॉबचा व्यास २५.००० पेक्षा जास्त आणि २४.९७९ पेक्षा कमी असता कामा नये. मिळालेली जागा २१ मायक्रॉनची (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). उमेदवार फिनिश कट मारतो, मशीन थांबवतो आणि लगेच मायक्रोमीटर लावतो. वाचन येते २४.९८२. मापात आहे म्हणून तो जॉब बाजूला ठेवतो. परंतु नुकताच कापलेला जॉब गरम असतो. ड्रॉइंगवरील मापे २० अंश सेल्सिअस तापमानाला धरलेली असतात आणि पोलादाचा एवढ्या व्यासाचा दंड त्याहून २० अंशांनी गरम असेल, तर तो सुमारे ६ मायक्रॉन फुगलेला असतो. थंड झाल्यावर तोच जॉब २४.९७६ भरतो आणि इन्स्पेक्शनमध्ये रिजेक्ट होतो. उमेदवाराला लेथ चालवता येत होता, मायक्रोमीटरही वाचता येत होता. फक्त कधी मोजायचे ते त्याला येत नव्हते.

आता मानकात जर ‘मापन उपकरणांचा योग्य वापर करतो’ असे एक वाक्य असेल, तर हा उमेदवार आरामात पास होतो, कारण ‘योग्य’ म्हणजे काय हे परीक्षकाच्या मर्जीवर राहते. त्याऐवजी ‘मोजण्यापूर्वी मायक्रोमीटरची शून्य स्थिती तपासतो, मोजण्याचे पृष्ठभाग पुसतो, जॉब थंड होऊ देतो आणि घेतलेले माप नोंदवतो’ असे लिहिले असेल, तर दोन वेगळ्या शहरांतील दोन परीक्षक एकाच निकालावर येण्याची शक्यता वाढते. मानक लिहिणाऱ्या समितीत प्रत्यक्ष मशीनवर काम केलेली माणसे बसवण्याचा आग्रह यासाठीच असतो. समितीत केवळ मनुष्यबळ विभागातील मंडळी असली, की ‘योग्य’, ‘प्रभावी’, ‘सुरक्षितपणे’ असे शब्द वाढतात आणि मायक्रॉन नाहीसे होतात.

परीक्षेच्या बाजूने पाहायचे झाल्यास अमेरिकेतील धातुकाम क्षेत्राचे उदाहरण बोलके आहे. तेथील धातुकाम उद्योगाच्या संघटनांनी १९९५ साली निम्स ही संस्था स्थापन केली. तिच्या प्रमाणपत्रासाठी लेखी परीक्षेबरोबर ड्रॉइंगबरहुकूम प्रत्यक्ष जॉब बनवावा लागतो आणि तो मापांवर तपासला जातो. एखाद्या लेखी परीक्षेत चाळीस टक्के मिळवून पास होता येईल. शाफ्ट मात्र चाळीस टक्के मापात असून चालत नाही.

प्रश्न : माझ्या प्रमाणपत्रावर ‘स्तर ४’ आहे. परदेशातील एका जाहिरातीत ‘स्तर ३’ मागितला आहे. म्हणजे मी पात्रतेपेक्षा वर आहे का? (एक मशिनिस्ट)

उत्तर : नाही, असा अर्थ काढू नये. स्तराचा आकडा त्या त्या देशाच्या पात्रता आराखड्यापुरता असतो. ऑस्ट्रेलियाचा आराखडा १० स्तरांचा आहे आणि युरोपचा सामाईक आराखडा ८ स्तरांचा. आपला एनएसक्यूएफ, म्हणजे राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा, २०१३ साली १० स्तरांचा होता आणि २०२३च्या सुधारणेनंतर ८ स्तरांचा झाला, त्यात मधले अर्धे स्तरही आले. ऑस्ट्रेलियात कुशल यांत्रिक कारागिराची पात्रता तिसऱ्या स्तरावर बसते. जर्मनीतील साडेतीन वर्षांचा औद्योगिक मेकॅनिक युरोपीय आराखड्यात चौथ्या स्तरावर येतो. यावरून जर्मन कारागीर एक पायरी वर ठरत नाही. जाहिरातीसोबत पात्रतेचे पूर्ण नाव दिलेले असते. त्याखालील कामांचे घटक आपल्या प्रमाणपत्रातील घटकांशी ताडून पाहावेत आणि त्या देशातील अधिकृत मूल्यांकन संस्थेकडून ते तपासून घ्यावेत.

प्रश्न : मी बारा वर्षे पाइप वेल्डिंग करतो. प्रत्येक नव्या कंपनीत पुन्हा टेस्ट द्यावी लागते. आधीचे प्रमाणपत्र कोणी विचारत नाही. मग त्याचा उपयोग काय? (एक वेल्डर)

उत्तर : आपली चीड समजण्यासारखी आहे, पण यामागे बरेचदा नियम असतो, अविश्वास नव्हे. प्रेशर व्हेसल, म्हणजे दाबाखालच्या टाक्या, आणि त्यांच्या पाइपलाइनची कामे पुष्कळदा अमेरिकन यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेच्या संहितेनुसार, म्हणजे एएसएमईच्या सेक्शन नाइनप्रमाणे, होतात. त्या संहितेत वेल्डरची पात्रता सिद्ध करण्याची जबाबदारी त्याला कामावर घेणाऱ्या कंपनीवर टाकलेली आहे. म्हणून आधीच्या कंपनीत आपण उत्तम काम केले असले, तरी सर्वसाधारणपणे नव्या कंपनीला आपली टेस्ट स्वतःच्या नावावर घ्यावी लागते. दुसरीकडे आयएसओ ९६०६ या मानकाखालील प्रमाणपत्र व्यक्तीच्या नावे असते आणि अनेक ठिकाणी ते पुढे चालते, परंतु त्याची मर्यादा काटेकोर असते.

ती मर्यादा समजून घेणे सर्वांत महत्त्वाचे आहे. वेल्डिंगची प्रक्रिया, प्लेट की पाइप, बट (टोकाला टोक) की फिलेट (कोपऱ्यातला) जोड, फिलरचा (भरणधातूचा) गट, जाडी, पाइपचा व्यास आणि पोझिशन यांवर प्रमाणपत्राची व्याप्ती ठरते. सपाट ठेवलेल्या प्लेटवर दिलेली टेस्ट डोक्यावरच्या जोडाला चालत नाही. याउलट ४५ अंशांत तिरका बांधलेला पाइप, ज्याला आपण सिक्स-जी म्हणतो, त्यावर पास झालेल्याला बहुतेक पोझिशन खुल्या होतात, कारण एकाच जोडात त्याला खालून, बाजूने आणि वरून काम करावे लागते आणि पाइप फिरवता येत नाही. टेस्टचा खर्च स्वतः करणार असाल, तर जी टेस्ट सर्वांत जास्त व्याप्ती देते तीच द्यावी. सोपी टेस्ट देऊन मिळालेले प्रमाणपत्र पुढच्या गेटवर उपयोगी पडत नाही.

आणखी एक गोष्ट पुष्कळ वेल्डर दुर्लक्षित करतात. आयएसओच्या प्रमाणपत्रावर दर सहा महिन्यांनी जबाबदार अधिकाऱ्याने ‘हा वेल्डर या व्याप्तीत काम करीत आहे’ अशी नोंद करून सही करायची असते. ती खंडित झाली, तर प्रमाणपत्राचा आधार जातो. एएसएमईमध्येही सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ ती प्रक्रिया वापरली नाही, तर पात्रता संपते. म्हणून कंपनी सोडताना पगाराच्या हिशेबाबरोबर टेस्ट प्रमाणपत्राची प्रत, वापरलेल्या प्रक्रियेच्या तपशिलाची प्रत आणि सहामाही नोंदींची प्रत मागून घ्यावी. ही कागदपत्रे असली म्हणजे नवी टेस्ट टळतेच असे नाही, पण आपल्याला कोणत्या कामावर घ्यायचे याचा निर्णय नव्या कंपनीला त्यावरून घेता येतो.

एक विचार येथे नोंदवावासा वाटतो. वेल्डिंगमध्ये पात्रता ठरावीक काळानेच जिवंत राहते आणि सतत काम केल्याचा पुरावा द्यावा लागतो. टर्नर किंवा फिटरचे प्रमाणपत्र मात्र एकदा मिळाले की आयुष्यभराचे. जोड फुटला तर माणसे मरतात म्हणून हा फरक, हे खरे आहे. तरीही इतर ट्रेडच्या मानकांनी यातून थोडे तरी घ्यायला हरकत नसावी.

प्रश्न : माझ्या कारखान्यात चाळीस माणसे आहेत. शिकाऊ उमेदवार घेतो, सहा महिन्यांत सीएनसी सेटिंग शिकवतो आणि तो मोठ्या कंपनीत जातो. मी मानकाप्रमाणे प्रशिक्षण का द्यावे? (यंत्रभाग बनवणाऱ्या कारखान्याचे मालक)

उत्तर : कायद्याचा भाग आधी. शिकाऊ उमेदवारांसंबंधीच्या १९६१च्या कायद्याखालील २०१९च्या नियमांनुसार ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला कंत्राटी कामगार धरून एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. चार ते एकोणतीस माणसे असतील तर ते ऐच्छिक आहे. चाळीस माणसांच्या कारखान्याला म्हणून सुटका नाही.

तक्रारीचा गाभा मात्र खरा आहे आणि ती पहिल्या उत्तरात आलेलीच जुनी तक्रार आहे. मोठ्या कंपन्यांना प्रशिक्षणाच्या खर्चात ओढल्याशिवाय ती मिटत नाही, असे माझे मत आहे. ब्रिटनने एप्रिल २०१७पासून वर्षाला तीस लाख पौंडांहून अधिक पगारखर्च असलेल्या मालकांवर ०.५ टक्के प्रशिक्षण आकारणी लावली, त्यामागे हाच हिशेब होता. जर्मनीत सर्व उद्योगांना लागू असलेली अशी आकारणी नाही, पण तेथे उद्योग व वाणिज्य मंडळाचे सदस्यत्व कायद्यानेच सक्तीचे आहे आणि अंतिम परीक्षा ते मंडळ घेते. परीक्षा समितीत मालकांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी समसमान असतात आणि व्यवसाय शाळेचा किमान एक शिक्षक असतो. ज्याने शिकवले तोच एकटा पास-नापास ठरवत नाही, म्हणून प्रमाणपत्रावर बाहेरचा मालकही भरवसा ठेवतो.

आपल्या पातळीवर करता येण्यासारखे एक आहे. सेटिंग, म्हणजे संगणक-नियंत्रित (सीएनसी) मशीन कामासाठी लावून देणे, हे मानकातील एका घटकापुरते काम आहे. ऑफसेट (हत्याराच्या मापाची दुरुस्ती) घालणे, इन्सर्ट (कापणारे पाते) बदलणे आणि चालू प्रोग्राम चालवणे एवढेच शिकवले, तर तो माणूस त्याच मशीनपुरता तयार होतो. त्याला आपल्याकडे वाढीची वाट दिसत नाही आणि दुसरीकडे दोन हजार रुपये जास्त मिळाले की तो जातो. शेजारच्या दोनतीन कारखान्यांनी मिळून उमेदवार फिरते ठेवले, एकाकडे ग्राइंडिंग, एकाकडे मिलिंग, एकाकडे इन्स्पेक्शन, तर मानकातील जे घटक आपल्या छताखाली होत नाहीत तेही पूर्ण होतात. जर्मनीतील लहान कारखाने अशा संयुक्त प्रशिक्षणाचा उपयोग करतात. माणूस गेलाच, तर निदान त्याच परिसरातील कारखान्यांच्या गटात राहण्याची शक्यता अधिक असते.

प्रश्न : वडील वीस वर्षे लेथवर आहेत. शाळा आठवीपर्यंत झाली आहे. त्यांना प्रमाणपत्र मिळू शकते का? (एक विद्यार्थिनी)

उत्तर : हो. यासाठी आरपीएल, म्हणजे पूर्वी मिळवलेल्या कौशल्याची दखल घेणारी पद्धत आहे. माणूस कोठे शिकला हे तीत गौण असते. मात्र एक अट पाळली गेली पाहिजे : मानक तेच, निकष तेच, फक्त वर्गात बसण्याची अट नाही. वडिलांना मशीनवर उभे करून काम करायला न लावता केवळ तोंडी प्रश्न विचारून अर्ध्या दिवसात प्रमाणपत्र देणारे केंद्र असेल, तर तेथे जाऊ नये. त्या कागदाला कारखान्यात कोणी किंमत देणार नाही. जाण्यापूर्वी त्यांनी केलेल्या जॉबचे नमुने, उपलब्ध असल्यास तपासणी अहवाल आणि फोरमनचे पत्र जमवावे. कारखान्याची ड्रॉइंग मालकाच्या परवानगीशिवाय बाहेर नेऊ नयेत. अनुभवी माणसे काम अचूक करतात, पण ड्रॉइंगवरील भौमितिक टॉलरन्सची चिन्हे वाचण्यात अडखळतात, हे वारंवार दिसते. त्याची तयारी आधी करून घेतलेली बरी.

प्रश्न : मुलाला दोन वर्षांचा फिटर ट्रेड द्यावा की तीन महिन्यांचा सीएनसी ऑपरेटर अभ्यासक्रम? मानके दोन्हींना आहेत असे सांगतात. (एक पालक)

उत्तर : सांगतात ते खरे आहे. मानक असणे आणि मानक व्यापक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उद्योगांच्या मंडळाला स्वाभाविकपणे आज रिकामी असलेली जागा भरायची असते, म्हणून त्यांची मानके एकेका नोकरीपुरती अरुंद होत जातात. जर्मनीत १९८७ साली धातू आणि विद्युत उद्योगांतील व्यवसायांची फेररचना झाली, तेव्हा दिशा नेमकी उलटी होती. अनेक अरुंद व्यवसाय एकत्र करून मोजकेच पण व्यापक व्यवसाय ठेवले गेले आणि कामगाराने काम स्वतः आखावे, स्वतः करावे आणि स्वतः तपासावे, ही अपेक्षा प्रशिक्षण नियमांतच घातली गेली. या चर्चेत मालकांबरोबर कामगार संघटनाही बसल्या होत्या, आणि माझ्या मते व्यापकता त्यामुळे टिकली. १९९८ साली मेकॅट्रॉनिक्सचा स्वतंत्र व्यवसाय आला, तोही यांत्रिक, विद्युत आणि नियंत्रण ही तीन अंगे एका माणसात आणण्यासाठी.

म्हणून मुलाचे वय आणि घरची परिस्थिती परवानगी देत असेल, तर दोन वर्षांचा ट्रेड आधी द्यावा. ज्याने फाइल, ड्रिल आणि टॅप हाताने चालवले आहेत त्याला सीएनसी नंतर तीन महिन्यांत शिकता येते. उलट क्रमाने जाणाऱ्याला दोन वर्षे परत कोणी देत नाही. घरात ताबडतोब कमाईची गरज असेल, तर अल्पमुदतीचा अभ्यासक्रम निवडण्यात कमीपणा नाही. मात्र प्रवेश घेण्यापूर्वी त्या अभ्यासक्रमाचे क्वालिफिकेशन पॅक, म्हणजे त्या नोकरीच्या मानकांचा संच, मागून घ्यावे, त्यात प्रात्यक्षिकाचे तास किती आहेत ते पाहावे आणि केंद्रात चालू स्थितीतील मशीन किती व प्रवेशसंख्या किती, याचा हिशेब स्वतः जाऊन करावा. एका मशीनभोवती तीस मुले उभी असतील, तर पॅकमध्ये लिहिलेले तास मुलाच्या हातापर्यंत पोहोचणार नाहीत.